सरस्वती कॉलनीचं विरजण

जयसिंगपूरच्या सरस्वती शिक्षक कॉलनीत विरजण मागायला जाणं अलीकडे जरा अवघडच झालं होतं. चमचाभर दही मागायला गेलेली बाई वाटीभर दही, मेथीची जुडी आणि नको नको म्हणत असताना हातात कोंबलेली एखादी कोरी साडी घेऊन परतायची. पूर्वी दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही असा बायकांचा कडक नेम होता. आता दिवे लागून गेले तरी त्या शेजारणीला हाक मारून बोलवायच्या आणि द्यायच्या.

कुरणे वहिनी आल्या तेव्हा ज्योत्स्नाबाई माळवदे दूध कोमट करत होत्या. वहिनी काही ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वाटी सरळ ओट्यावर ठेवली.

"चमचाभर द्या हो. पोरांनी सगळं दही फस्त केलं."

"चमचाभर कशाला, डबाच न्या. उद्या मी घरी नाही. मिरजेला जायचंय."

"उद्याच का ते?"

"उद्या नुसती जबानी. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात."

कुरणे वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि 'असलं काळीज देवानं आम्हाला का नाही दिलं' असं काहीसं पुटपुटत डबा घेऊन गेल्या. ज्योत्स्नाबाई लाजल्या. पण खरं सांगायचं तर ते ऐकायला त्यांना आवडलं. कुणाला आवडणार नाही?

त्या आपलं एक मूत्रपिंड देणार होत्या, आणि तेही नात्यागोत्यात नसलेल्या मुलीला. अनोळखी माणसाला जिवंतपणी अवयव देता यावा असा कायदा नुकताच झाला होता. आधी फक्त नातेवाइकांनाच देता यायचं. मग पैशाच्या जोरावर रातोरात मेव्हणे आणि मावसभाऊ उगवायचे. नव्या कायद्यात नात्याची अट गेली आणि हेतूची आली. देणारा कशापायी देतोय याची चौकशी समिती बसून करणार, आणि देणाऱ्याच्या अगदी जवळच्या माणसाने शपथेवर सांगायचं की, या माणसावर पैशाचा, धाकाचा किंवा औषधाचा कसलाही अंमल नाही.

घेणारी तस्लीम बागवान. कुरुंदवाडला राहायची, आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा मिरजेला यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला जायची. इस्पितळाच्या समुपदेशकांनी दोघींची गाठ घालून दिली त्याला वर्ष होत आलं होतं. तिचा फोन आला नाही असा दिवस हल्ली जात नव्हता. "काकी, जेवलात?" एवढंच विचारायची, आणि ज्योत्स्नाबाई त्या उत्तराची अर्धा तास शेपटी लांबवायच्या.

गंमत अशी की, ज्या बाईचं काळीज देवानं खास घडवलं असं कॉलनी आज म्हणत होती, तिलाच काही वर्षांपूर्वी हीच कॉलनी कवडीचुंबक म्हणायची. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी त्यांची ख्याती. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की बाई दार न उघडता आतूनच ओरडायच्या, "घरात कोणी नाही!" माळवदे सर गेल्यावर तर सगळंच आवळलं गेलं. सरांची स्कूटर जुन्या चादरीत गुंडाळून त्यांनी जिन्याखाली ठेवली. सरांचे शर्ट कपाटात तसेच राहिले आणि बाईंचं बोलणंसुद्धा मोजून मापून निघायला लागलं.

मग एका हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, त्यांनी ती चादर सोडली आणि स्कूटर कॉलनीच्या वॉचमनला देऊन टाकली. शर्ट गेले. वरच्या दोन खोल्या मिरजेला येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांना राहायला दिल्या. आणि नवल म्हणजे बाईंच्या मागोमाग सगळी कॉलनीच सैल सुटली. गणिताच्या चौगुले सरांनी देवळाशेजारचा आपला प्लॉट मतिमंद मुलांच्या शाळेला खेळायला म्हणून दिला. रक्तदानाला रांगा लागायला लागल्या. कॉलनीच्या सभागृहातल्या पंख्यांच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशी नावं होती. कुरणे भाऊजींनी शिडी लावून आपल्या वडिलांचं नाव खरवडून काढलं. म्हणाले, वारा काय नाव वाचून येतो? वर्तमानपत्रात फोटो आला. पुण्यामुंबईची माणसं बघायला आली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून गेली: तुम्ही असं का करता?

उत्तरं प्रत्येकाकडे तयार होती. चौगुले सर म्हणायचे, सरकारनं तीस वर्षं पगार दिला, समाजाचं देणं फेडायला नको? कुरणे वहिनींना अधिक महिन्यात केलेल्या दानाचं पुण्य माहीत होतं. कोणी गुरूचं नाव घ्यायचं, कोणी गेलेल्या मुलाचं, आणि एक जण तर कर वाचतो असं प्रामाणिकपणे सांगायचा. ज्योत्स्नाबाई सांगायच्या, "एकटेपणानं मला शिकवलं. ज्याचं कोणी जातं, त्यालाच दुसऱ्याचं जाणं कळतं." हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या इस्पितळात हेतू समितीसमोरही त्यांनी तेच वाक्य म्हटलं. समितीत तिघं होते: डॉक्टर रेंदाळकर, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक मानसशास्त्राच्या बाई. तिघांनीही माना डोलावल्या. मग न्यायाधीशांनी पुण्याहून खास आलेल्या ऋजुताकडे पाहिलं. ज्योत्स्नाबाईंची ही एकुलती एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. पूर्वी वर्षवर्ष फिरकायची नाही. पण या चार-पाच वर्षांत मायलेकींचं असं काही गूळपीठ जमलं होतं की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

"आपल्या आईवर कुठल्याही औषधाचा, द्रव्याचा, उपचाराचा अंमल नाही, असं आपण शपथेवर सांगता?" न्यायाधीशांनी विचारलं.

ऋजुता टेबलाची कड नखाने खरवडत राहिली. ज्योत्स्नाबाईंना वाटलं, पोरगी ऑपरेशनला घाबरली. त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"सांग की गं. ते वाट बघतायत."

"नाही सांगता येणार आई," ऋजुता म्हणाली. तिने हात काढून घेतला. "मी विरजण दिलं होतं तुला. आठवतं?"

त्यांना आठवलं. सर गेल्यानंतरची दुसरी दिवाळी होती. ऋजुताने पुण्याहून येताना स्टीलची चिमुकली डबी आणली होती. तुझ्या दह्याला हल्ली पाणी सुटतं, हे लावून बघ, म्हणाली होती. मुलगी किती दिवसांनी आपल्यासाठी काही घेऊन आली, या आनंदात बाईंनी ती डबी देवासमोर ठेवून मग वापरली होती.

ऋजुता समितीकडे वळून बोलत राहिली, आईकडे पाहायची तिची छाती नव्हती. तिच्या प्रयोगशाळेला माणसाच्या आतड्यात एक जीवाणू सापडला होता. प्रयोगशाळेत त्याला 'सैलजीव' म्हणत. माणसं देत नाहीत ती दगडाच्या काळजाची असतात म्हणून नव्हे, तर आपल्याला कमी पडेल या धाकापोटी. हा जीवाणू पोटात एक द्रव्य तयार करायचा आणि ते द्रव्य मेंदूतल्या त्या धाकाला जोजवून निजवायचं. दया नवी निर्माण होत नसे, असलेली मोकळी होत असे. उंदरांवर झालं, माकडांवर झालं. माणसांवर करायला नैतिकता मंडळाने परवानगी नाकारली आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

"गुंडाळायच्या आधी तुम्ही थोडं घरी नेलंत," डॉक्टर रेंदाळकर म्हणाले.

"थोडंसं. दह्यात जगतो तो. फक्त आईसाठी नेलं होतं. कॉलनीत जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

पुण्यात पिशवीतलं दही खाणाऱ्या पोरीच्या डोक्यात ते येणार तरी कुठून? सरस्वती कॉलनीत दही एका घराचं नसतंच. एकीचं संपलं की दुसरीचं, दुसरीचं आंबट झालं की तिसरीचं. एका डबीतलं विरजण महिन्याभरात सगळ्या कॉलनीच्या पोटात गेलं असणार, हे समितीतल्या मानसशास्त्राच्या बाईंना मात्र लगेच उमगलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

समितीने प्रकरण तहकूब केलं. ज्योत्स्नाबाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मुलगी समोर उभी होती.

"का गं?" त्या म्हणाल्या.

"तू दगड झाली होतीस, आई. बाबा गेल्यावर मी घरी आले की तू मला चहात साखर किती घातली ते विचारायचीस. एकदा मी रडत होते तर तू दिवा बंद करून गेलीस, वीज जळते म्हणून. मला वाटलं, तुझं एवढं एक कुलूप निघालं तर..."

"तर तुला बरी आई मिळेल."

ऋजुताने मान खाली घातली. तिने नाही म्हटलं असतं, खोटं का होईना, तर बाईंना धरायला काहीतरी मिळालं असतं.

"म्हणजे मी तुला आवडते ती या दह्यामुळं. दह्याआधीची आवडत नव्हते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला माझा. परक्यानं विष घातलं असतं तर पोलिसांत गेले असते. तुझ्यासाठी कुठं जाऊ?"

जयसिंगपूरला त्या एकट्याच परतल्या. वाटेत त्यांनी इस्पितळाला फोन करून संमती मागे घेतली. तिकडची मुलगी म्हणाली, कारण? त्या म्हणाल्या, "ती संमती मी दिलीच नव्हती."

असल्या गोष्टी पोटात ठेवायची त्यांची प्रकृती नव्हती. संध्याकाळी सभागृहात सगळ्यांना बोलावून त्यांनी सगळं सांगून टाकलं. आधी लोक हसले. मग एकेकाचा चेहरा उतरत गेला. कुरणे वहिनी तरातरा घरी गेल्या आणि दह्याचं पातेलं मोरीत ओतलं. ते बघून दुसरीने ओतलं. गटारीच्या तोंडाशी इतकं दही साचलं की गल्लीतल्या मांजरांची दिवाळी झाली. कॉलनीतली माणसं मात्र घराघरात दारं लावून बसली होती, आणि आपण गेल्या काही वर्षांत काय काय देऊन बसलो ते आठवत होती.

राग खोटा नव्हता. ज्याला त्याला आपल्या चांगुलपणाचा मनातून अभिमान होता, आणि आता कळलं की तो चांगुलपणा डबीतून आला होता. चौगुले सरांच्या तोंडून समाजाच्या देण्याचं अक्षर निघेना. ते म्हणाले, "शुद्धीत नसताना केलेला व्यवहार कायद्यानं रद्द होतो." त्यांनी वकील गाठला आणि पंधरवड्यात प्लॉटला कुंपण पडलं. शाळेची मुलं नेहमीप्रमाणे खेळायला आली. त्यांतलं एक पोरगं तारेला धरून बराच वेळ आत बघत राहिलं. शेवटी शाळेच्या बाईंनी त्याला ओढून नेलं. रक्तपेढीची गाडी आली तशी परत गेली. वॉचमनने न सांगताच स्कूटर ज्योत्स्नाबाईंच्या जिन्याखाली आणून लावली, आणि बाईंनी त्याला ती परत ने असं काही म्हटलं नाही.

तस्लीमचा फोन यायचा थांबला होता. आठ-दहा दिवसांनी आला.

"काकी, मी मागायला फोन केला नाही," ती आधीच म्हणाली. "तुमचं शरीर, तुमची मर्जी. अब्बांनाही मी तेच सांगितलं. पण इस्पितळातल्या मॅडमनी दह्याचं सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात म्हणे, संमती मी दिलीच नव्हती."

"खरंच आहे ते, बाळ. ती मी नव्हते. मला त्या दह्यानं तसं केलं होतं."

"मग वर्षभर माझ्याशी बोलत कोण होतं?"

ज्योत्स्नाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझ्या अम्मीचं दुखणं मी तुम्हाला सांगितलं. माझं लग्न मोडलं ते सांगितलं. घरात कुणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं. ते सगळं मी दह्याला सांगितलं का काकी? किडनी देऊ नका, चालेल. पण तुम्ही नव्हताच असं म्हणू नका. तसं म्हटलं की माझ्याकडे काहीच उरत नाही."

फोन ठेवल्यावर बाईंना संताप आला. फसवणूक आपली झाली, आणि उलट आपल्यालाच जाब? पण संताप नीट पेटेना. एवढं मात्र त्यांना कळलं की ऋजुताने त्यांची वर्षं जशी खोटी ठरवली, तसंच त्यांनी एका फोनवर या पोरीचं वर्ष खोटं ठरवलं होतं.

ऋजुता आली ती न कळवता. दारातच उभी राहिली, आत ये म्हणायची वाट बघत. तिचे डोळे सुजले होते. तिची नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होतं.

"दोन मिनिटं ऐक, मग जाते," ती म्हणाली. "दरवर्षी सरकारी तपासणीत सगळ्यांच्या पोटाचा नकाशा काढतात ना? कोणते जीवाणू किती आहेत त्याचा? डॉक्टर रेंदाळकरांनी परवानगी मिळवली आणि आम्ही सगळ्या कॉलनीचे जुने नकाशे तपासले. तुझाही."

"मग?"

"सैलजीव नाही त्यात."

"आता नसेल."

"कधीच नाही, आई. त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातल्या नकाशातसुद्धा नाही. प्रयोगशाळेत वाढलेला नाजूक जीव तो. विरजणातून विरजण लावत गेलं, की इथले गावठी जीवाणू त्याला खाऊन टाकणार, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. फार तर त्या हिवाळ्याचे काही आठवडे टिकला असेल. पोटात तर रुजलाच नाही. तुम्ही सगळ्यांनी पुढं जे खाल्लं ते साधं दही होतं."

ज्योत्स्नाबाई खुर्चीत बसल्या.

"स्कूटर दिलीस त्या पहिल्या दानाचं मला सांगता येणार नाही," ऋजुता म्हणाली. "तेवढ्यापुरतं कदाचित माझं असेल. बाकी सगळं तुझं आहे. तस्लीमसुद्धा."

तिला वाटलं होतं, आई हे ऐकून मोकळी होईल. आईने तिच्याकडे पाहिलं ते असं, की ती एक पाऊल मागे सरली.

"म्हणजे फसवायचं तेही तुला धड जमलं नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आणि तू चार वर्षं माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचीस ते आपल्या प्रयोगाच्या मांडीवर. मी रोज खरी होते ऋजू. तू एकदाही खरी नव्हतीस."

"आई, मला माफ..."

"आत्ता नाही. कधी, तेही सांगत नाही. आधी हे सगळ्यांना सांगू."

पण सगळ्यांना ते नको होतं. सभागृहात ऋजुताने नकाशे भिंतीवर दाखवले, जीवाणूंची नावं वाचली, पुन्हा पुन्हा सांगितलं की दही निर्दोष आहे. लोकांनी ऐकून घेतलं. कुणी आनंदाने उठलं नाही. शेवटी चौगुले सरांनी घसा खाकरला.

"तुमचं शास्त्र बरोबर असेल," ते म्हणाले. "पण हे बाहेर कशाला बोलायचं? प्लॉटचा दावा कोर्टात आहे."

"सर, तुम्ही शुद्धीत दिला होता तो प्लॉट," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय! शुद्धीत दिला म्हटलं, तर परत घेतला तोही शुद्धीतच, असं होणार. पोरांसमोर तार ओढली, ती मीच ओढली असं होणार." आयुष्यभर फळ्यावर ताळा पडताळून दाखवणारा माणूस, पण आता तो कुणाच्याच डोळ्याला डोळा देईना. "दही होतं ते बरं होतं, ज्योत्स्नाताई. आमचंही बरं चाललं होतं, आणि नंतर रागावलो तेही बरंच होतं."

कुणी त्यांना खोटं पाडलं नाही. कुरणे भाऊजी वर पंख्याच्या खरवडलेल्या पात्याकडे बघत बसले होते. ज्योत्स्नाबाईंना शिसारी आली, आणि दुसऱ्याच क्षणी आपण त्यांच्याहून काडीभर वेगळ्या नाही हेही उमजलं. 'ती संमती मी दिलीच नव्हती' हे तर त्यांनी सगळ्यांच्या आधी म्हटलं होतं. दह्याच्या आडोशाला पहिला पळालेला माणूस त्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एसटीने कुरुंदवाडला गेल्या. बागवानांचं घर शोधायला वेळ लागला नाही. तस्लीम ओसरीवर शिवणयंत्रासमोर बसली होती. महिन्याभरात तिचा चेहरा सुजला होता आणि रंग काळवंडला होता. तिने उठून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि काकी कशा आहात असं परक्या पाहुण्याला विचारावं तसं विचारलं.

ज्योत्स्नाबाईंनी सगळं सांगितलं. नकाशे, गावठी जीवाणू, चौगुले सरांची तार, काहीही हातचं राखलं नाही. मग म्हणाल्या, "मीच होते गं वर्षभर. चुकले मी. मी पुन्हा संमती देते. आजच मिरजेला फोन करते."

तस्लीमने यंत्राखालचं कापड काढून घडी घातली.

"उद्या परत काहीतरी निघालं तर?"

"काय निघणार?"

"मला काय ठाऊक? पाण्यात निघेल. हवेत निघेल. नाहीतर नुसतंच सकाळी उठल्यावर तुम्हाला वाटेल की हे मी का करतेय? अब्बांनी तुमच्यासाठी नमाजात दुवा मागितली होती काकी. ज्या दिवशी तुमचा नकार आला, त्या दिवशी ते शेजारच्या खोलीत जाऊन बसले, माझ्याकडे बघायला नको म्हणून." ती हसली, पण हसण्यात काही नव्हतं. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. देणाऱ्याला दहा कारणं असतात. एक गेलं तर दुसरं. घेणाऱ्याला एकच असतं. त्याला परत परत घाबरवू नये."

"मग मी काय करू? सांग. तू म्हणशील ते करते."

"मी म्हणेन ते? परत तेच की. कुणीतरी दुसऱ्यानंच करायला लावायचं."

ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आतापर्यंत त्या स्वतःसाठी खूप रडल्या होत्या. हे पाणी निराळं होतं, पण ते कुठलं हे त्यांना सांगता आलं नसतं, आणि आता त्या स्वतःला काही सांगायच्या भानगडीतही पडत नव्हत्या.

बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. तस्लीमने भिंतीचा आधार घेत चपला घातल्या आणि पिशवी उचलली. आज तिचा यंत्रावरचा दिवस होता.

"सोबत अब्बा येतात नेहमी," ती दारात थांबून म्हणाली. "आज त्यांना ताप आहे. काही करायचं नसतं तिथं. नुसतं शेजारी बसायचं. किडनीचं मी आज ऐकणार नाही, उद्याही नाही. मी झोपेन, बोलणारसुद्धा नाही. तुम्हाला बरंही वाटणार नाही त्यानं." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "यायचंय?"

ज्योत्स्नाबाईंनी आत चाचपून पाहिलं. पूर्वी असं कुणी काही मागितलं की छातीत ऊबदार काहीतरी उचंबळायचं. त्याची त्यांना सवय झाली होती. आज तिथे काहीच नव्हतं. कंबर दुखत होती. इस्पितळाचा वास आठवूनच नको वाटत होतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, आणि घरी जाऊन दार लावून पडावं असं मनापासून वाटत होतं. दया नव्हती, पुण्य नव्हतं, बघायला कॉलनी नव्हती, आणि ज्यावर ढकलावं असं दहीही आता उरलं नव्हतं.

तरी त्या उठल्या. रिक्षात तस्लीमच्या शेजारी जाऊन बसल्या आणि तिची जड पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. रिक्षा मिरजेच्या रस्त्याला लागली, तस्लीमने डोळे मिटले, आणि ज्योत्स्नाबाई बाहेरची उसाची शेतं बघत स्वतःलाच विचारत राहिल्या: मग मी उठले ती कशानं?